गरज, हौस आणि चार चाकांचा जोर

तत्त्वचर्चेस ईश्वर, नियति, सत्य, सुखदुःख असे जुने व प्रतिष्ठित विषय असतांना, शेतावर न्यावयाच्या मोटारीची कोणती पायरी विकत घ्यावी हा प्रश्न मासिकाच्या पानांवर आणणें कित्येक वाचकांस रुचणार नाहीं. आम्हांसहि प्रथम तो दुकानदारीचाच वाटला होता. परंतु २०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं या प्रश्नावरून तीन आठवडे जी बोलाचाली चालली, ती ऐकतां ऐकतां आमची खात्री झाली कीं, मनुष्य आपल्या गरजेविषयीं स्वतःशीं कितपत खरें बोलतो हें पाहावयाचें असेल, तर त्यास धर्मग्रंथाविषयीं विचारण्यापेक्षां मोटारीविषयीं विचारावें.

हे स्नेही लातुरास राहतात. महाविद्यालयांत पस्तीस वर्षें शिकवून ते निवृत्त झाले. त्यांची वडिलोपार्जित शेती मात्र नांदेड जिल्ह्यांत, कंधार व मुखेड तालुक्यांच्या सीमेजवळ आहे. सोयाबीन, तूर, थोडी हळद. ती आतां त्यांचे चिरंजीव पाहतात. डांबरी सडक संपल्यावर शेतापर्यंत अडीच किलोमीटरांची पाणंद आहे, आणि ती पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंस बाभळी व मध्यें शुद्ध काळी माती. जुनी पिकअप निकामी झाली. नवी घ्यावयाची, येथपर्यंत घरांत एकमत होतें. चिरंजीवांचें म्हणणें, घ्यावयाची तर सर्वांत वरच्या पायरीची घ्यावी. वडिलांचें म्हणणें, सर्वांत खालची पुरे. वहिनींनीं प्रारंभीं कांहींच मत दिलें नाहीं. आम्ही नांदेडचे, आणि दोन्ही पक्षांच्या विश्वासांतले. म्हणून पंचाचें काम आमच्याकडे आलें.

ज्यांचा या विषयाशीं संबंध येत नाहीं त्यांच्यासाठीं पायऱ्या म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारखानदार एकाच गाडीचे तीनचार प्रकार करितो. सांगाडा तोच, यंत्र बहुधा तेंच, आणि वरची सामग्री कमीअधिक. इसुझूच्या डी-मॅक्स या गाडीचे मे २०२१ मध्यें जे प्रकार बाजारांत आले ते पाहा. यंत्र सर्वांस १.९ लिटरचें, डिझेलवर चालणारें, १६३ अश्वशक्तीचें. खालच्या पायरीचें नांव हाय-लँडर. तेव्हांची किंमत सुमारें १७ लाख. हाय-लँडर म्हणजे डोंगरपठारावरचा रहिवासी. परंतु या डोंगऱ्याच्या पुढच्या चाकांस यंत्राचा जोर मिळतच नाहीं! त्याच्या वरची व्ही-क्रॉस झेड. हिच्या एका प्रकारांत चारही चाकांस जोर देण्याची सोय आणि अवघड वाटेसाठीं मंद गतीचा गिअर आहे. किंमत सुमारें २१ लाख. तिच्याहि वर झेड प्रेस्टिज, सुमारें साडेचोवीस लाख. चारही चाकांचा जोर तोच. वाढलें तें बसण्याचें, पाहण्याचें आणि गिअर आपोआप बदलण्याचें सुख. कारखानदारावर खोटेपणाचा आरोप करतां येणार नाहीं. त्यानें त्या पायरीचें नांवच 'प्रतिष्ठा' ठेविलें आहे.

टोयोटाची हायलक्स २०२२ मध्यें भारतांत आली, तिची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिच्या खालच्या व वरच्या दोन्ही पायऱ्यांस २.८ लिटरचें तेंच यंत्र, आणि दोन्हींत चारही चाकांस जोर. मार्च २०२३ मध्यें खालचीची किंमत ३० लाख ४० हजार झाली आणि वरचीची ३७ लाख १५ हजार. मधल्या पावणेसात लाखांत आसनांवरचें चामडें आलें, अधिक तेजस्वी दिवे आले, आणि १७ इंची चाकाच्या जागीं १८ इंची चाक आलें. चाक मोठें झालें म्हणजे त्याभोंवतींच्या रबराची उंची कमी होते. शहरांतील सडकेवर तें शोभतें खरें, परंतु धोंड्यावर आणि खांचेंत उंच रबरच बरें. म्हणजे शेताच्या कामास जी गाडी अधिक सोयीची तीच स्वस्त, आणि जी शेतापासून एक पाऊल दूर सरकली ती महाग. किंमती पुढें बदलत गेल्या. परंतु पायऱ्यांची ही रीति बदललेली नाहीं.

आतां चिखलाविषयीं. आमच्या या भागांतील काळी माती पाण्यानें फुगते आणि उन्हानें भेगाळते. ओली असतांना ती चाकाच्या खांचांत अशी बसते कीं, दहा पावलांत चाकाचा नुसता गुळगुळीत गोळा होतो. मोटारीच्या मागच्या दोन चाकांत जोर वांटणारें एक दंतचक्र असतें. वळणावर एका चाकास अधिक अंतर कापावें लागतें म्हणून तें योजिलेलें आहे; सडकेवर त्याचा मोठा उपयोग. परंतु एक चाक चिखलांत मोकळें फिरूं लागलें कीं, यंत्राचा जोर त्याच चाकाकडे पळतो, आणि घट्ट भुईवर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकाच्या वांट्यास कांहींच उरत नाहीं. जेथें विरोध कमी तेथें शक्ति वाहून जाते; हें आम्हीं माणसांच्या बाबतींतहि पाहिलें आहे, परंतु तो विषय निराळा. पुढच्या चाकांसहि जोर मिळाला तर गाडी निघण्याचा संभव वाढतो, निश्चिति मात्र होत नाहीं. सडकेवरचीं रबरें घालून चार चाकांच्या जोराची गाडी पाणंदींत नेणारे आणि मग ट्रॅक्टर बोलाविणारे गृहस्थ आम्हीं एकाहून अधिक पाहिले आहेत. थोडक्यांत सांगावयाचें तर मधल्या पायरीस अर्थ आहे, चांगल्या रबरास त्याहून अधिक अर्थ आहे, आणि चामड्यास चिखलाच्या दृष्टीनें कांहींच अर्थ नाहीं.

येथें वाद संपावयास हवा होता. परंतु वडिलांचा आक्षेप मधल्या पायरीवरहि होताच. ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनीं वही काढली. पाणंद मोटारीस बंद असते असे दिवस वर्षांतून फार तर वीस. त्या वीसांपैकीं शेतावर गेल्यावांचून भागत नाहीं असे चारपांच. त्या चारपांच दिवसांसाठीं चार लाख अधिक घालावयाचे, ते हप्त्यांनीं व्याजासह फेडावयाचे, आणि उरलेले ३६० दिवस तीं वजनदार दंतचक्रें ओढीत डिझेल जाळावयाचें, हा कोणता व्यवहार? त्या चारपांच दिवशीं बैलगाडीनें जावें, पायीं जावें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण त्यांनीं अर्थातच ऐकविली.

आम्हांस हा युक्तिवाद प्रथम बिनतोड वाटला. मागाहून त्यांतील खोंच ध्यानांत आली. सरासरी ही चीज मराठवाड्यांत फार दिवस विश्वासाची राहिलेली नाहीं. याच लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें; १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी आली तेव्हां तिच्या दहा टाक्यांत पांच लाख लिटर पाणी होतें आणि तें पाहावयास लोक जमले होते. आणि २०२५ च्या ऑगस्टांत, १७ व १८ तारखांच्या मधल्या रात्रीं, मुखेड तालुक्यांत असा पाऊस कोसळला कीं रावणगाव, हसनाळ इत्यादि गांवांत पाणी शिरलें, माणसें गेलीं, जनावरें दावणीस बांधलेलीं तशींच बुडालीं, आणि मदतीस सैन्य बोलवावें लागलें. नऊ वर्षांत दोन टोकें. यांची सरासरी काढिली तर उत्तर 'बरा पाऊस' असें येईल! शेतकरी सरासरीसाठीं तजवीज करीत नाहीं. तो वाईटांतल्या वाईट दिवसासाठीं कणगींत दाणे ठेवितो. आमच्या स्नेह्यांच्या वहींत तो दिवस कोठेंच नव्हता. आम्हीं तें त्यांना सांगितलें. त्यांनीं वही मिटली, परंतु मत बदललें नाहीं.

चिरंजीवांस वाटलें, आपण जिंकलों. परंतु वाईट दिवसाचा युक्तिवाद त्यांस मधल्या पायरीपर्यंतच नेत होता, वरच्या नव्हे. वरच्या पायरीसाठीं त्यांनीं जीं कारणें दिलीं तीं ऐकण्यासारखीं होतीं. बाजार समितींत वजन पडतें. बँकेचा माणूस निराळ्या नजरेनें पाहतो. लग्नाच्या बोलणीस गेलें तर शेतकरी मुलगा म्हणून जें नाक मुरडतात, तें जरा कमी मुरडतील. हें शेवटचें कारण त्यांनीं हळूच सांगितलें, आणि आमच्या मतें तेंच खरें होतें. नोकरी नसलेल्या, गांवीं राहणाऱ्या मुलास मुलगी मिळणें आमच्या भागांत किती कठीण झालें आहे हें येथें सांगण्याची आवश्यकता नाहीं. त्या तरुणास चामड्याचें आसन नको होतें. आपण हरलेलों नाहीं हें चारचौघांस दिसावें असें त्याला वाटत होतें. ही गरज नव्हे असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. परंतु ती गाडीनें भागणारी गरज आहे काय?

या ठिकाणीं आम्हांस स्नेह्यांच्या आजोबांची आठवण होते. लोहा तालुक्यांतील माळेगावास मार्गशीर्षांत खंडोबाची जी यात्रा भरते, तेथें ते बैलांसाठीं जात. आमच्या दोन्ही जिल्ह्यांचें हें भाग्य कीं गोवंशाच्या दोन नामांकित जाती येथल्याच. कंधारकडची तांबडी लाल कंधारी आणि देवणी-उदगीरकडची देवणी. लाल कंधारी ओढीची. देवणी ओढीस चांगली आणि दुधासहि बरी. देवणींत पुन्हा रंगावरून प्रकार. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवेरा, आणि अंग पांढरें पण तोंडाच्या बाजू काळ्या असा वानेरा. आजोबा म्हणे प्रथम खूर पाहत, मग दांत, मग छाती, मग बैलास मऊ भुईवरून चालवून पाऊल कसें पडतें तें पाहत. रंग शेवटीं. परंतु शेवटीं कां होईना, पाहत अवश्य! दोन बैल सारख्याच मोलाचे ठरले तर ते वानेरा घेत, आणि त्यासाठीं दहापांच रुपये अधिक द्यावे लागले तर देत. घरांत विचारलें तर 'मला आवडला' एवढेंच उत्तर. तो अधिक ओढतो असें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं.

आमच्या दृष्टीनें या प्रश्नाचें एक टोंक येथें आहे. हौस करणें हें पाप आहे असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. पोळ्यास बैलांच्या शिंगांस बेगड लावतात, अंगावर झूल घालतात, गळ्यांत घुंगुरमाळा बांधतात. त्यानें नांगरट चांगली होते असें कोणी म्हणत नाहीं, आणि म्हणून तो सण सुंदर आहे. २०२५ सालीं पोळा त्या पुरानंतर चारच दिवसांनीं आला; ज्यांचे बैल वांचले त्यांनीं तो केला. हौसेला हौस म्हणणारा मनुष्य तिची मर्यादाहि ठरवूं शकतो. परंतु हौसेवर गरजेचें नांव चढविलें म्हणजे तिला मर्यादा राहत नाहीं, कारण गरजेस कोण नाहीं म्हणेल? नव्या विक्रीकलेचें सारें चातुर्य यांत आहे. ती आपणांस रंग विकतांना खूर दाखविते. डोंगर चढणारी, नदी ओलांडणारी गाडी चित्रांत दिसते, आणि घरीं येतें तें चामडें.

आणखी एक विचार आमच्या मनांत आला, तो न्यायाचा आहे कीं नाहीं हें वाचकांनीं ठरवावें. त्या पावसाळ्यांत पीक वाहून गेलेल्या जिरायत शेतकऱ्यास नुकसानीबद्दल सरकारी निकषाप्रमाणें मिळावयाचे ते हेक्टरीं ८,५०० रुपये. २०२१ च्या किंमतींत मधल्या आणि वरच्या पायरीमधलें अंतर सुमारें साडेतीन लाख, म्हणजे ४१ हेक्टरांचें नुकसान. आमच्या स्नेह्यांनीं हा पैसा कोणाचा लुबाडलेला नाहीं. निवृत्तीचा आहे, प्रामाणिकपणाचा आहे. त्यांनीं गाडी खालची घेतल्यानें शेजाऱ्याच्या शेतांतील वाहून गेलेली माती परत येणार नाहीं. तुलना ओढूनताणून केलेली आहे हें आम्हांस कबूल आहे. तरी ती एकदां मनांत आल्यावर जात नाहीं, आणि ज्या पाणंदींतून ती गाडी जावयाची तिच्या दोन्ही बाजूंस तीं शेतें आहेत.

यावर स्नेह्यांनींच एक निराळी सूचना पुढें केली. खालची गाडी घ्यावी, आणि वांचलेल्या पैशांत शेजाऱ्यांची भर घालून पाणंदीवर मुरूम टाकावा. म्हणजे सर्वांच्याच गाड्या जातील. ही सूचना आम्हांस फार आवडली. चिरंजीव म्हणाले, "काका, काळी माती मुरूम गिळते. खालीं दगड भरल्याशिवाय टाकलेला मुरूम दोन पावसाळे राहणार नाहीं. शिवाय मधल्या दोघा भावांचा बांधाचा वाद आहे, ते हातभर जागा सोडणार नाहींत." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चौकशी केली, कागद हलविले; वाद अजून तसाच आहे. सर्वांचा रस्ता करण्यास सर्वांची संमति लागते, आणि एकट्याची गाडी घेण्यास एकट्याची सही पुरते. या एका कारणामुळें किती चांगलीं कामें मागें पडून किती मोठाल्या गाड्या विकल्या जात असतील, याचा हिशेब कोणी ठेविलेला नाहीं.

मग एके दिवशीं वहिनी बोलल्या. चिरंजीव पुन्हां त्या ऑगस्टच्या रात्रीविषयीं सांगत होते. अशा रात्रीं चार चाकांचा जोर असता तर काय काय झालें असतें तें. वहिनींनीं विचारलें, "अशा रात्रीं वाडींतल्या कोणीं दार वाजविलें, तर तूं गाडी काढशील ना? आसनें चिखलानें भरतील." चिरंजीव तत्काळ हो म्हणाले नाहींत. यांत त्यांचा मोठेपणा आम्ही मानतों. पुष्कळांनीं हो म्हणून टाकिलें असतें. वाईट दिवसाच्या नांवावर जो वस्तु विकत घेतो, तो त्या दिवशीं ती फक्त आपल्यासाठीं राखूं शकत नाहीं. ज्याच्या घरीं अशी गाडी आहे हें अवघ्या वाडीस ठाऊक आहे, त्याचें दार वाजणारच. तेव्हां साडेतीन लाखांचें चामडें हा नुसता खर्च नव्हे; तें दार उघडण्याच्या आड येणारें एक ओझें आहे.

चिरंजीवांची ती स्तब्धता पाहून वडील हंसले. त्यांस वाटलें, आपला पक्ष सिद्ध झाला. परंतु आम्हांस त्या वेळीं हंसूं आलें नाहीं, कारण आमचाच एक जुना प्रसंग आठवला, जो आम्हीं घरांतहि पुरता सांगितलेला नाहीं. बारातेरा वर्षांपूर्वीं, भर पावसांत, आमच्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाईंचा मुलगा रात्रीं दहा वाजतां दारांत आला. वडील गांवीं अत्यवस्थ होते. गांव गोदावरीकांठीं, शेवटचा रस्ता मातीचा. त्यानें गाडी मागितली नाहीं. नुसता उभा राहिला. आमची गाडी लहान, शहरी, भुईलगत. आम्ही म्हणालों, "बाबा रे, आमची गाडी तेथें रुतेल." हें अक्षरशः खरें होतें. आणि तें खरें आहे याचा आम्हांस त्या क्षणीं आनंद झाला. गाडीला जातां येत नव्हतें, म्हणून आम्हांस जावें लागलें नाहीं. डांबरी सडकेच्या टोंकापर्यंत तरी जातां आलें असतें, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं सुचलें. तोंपर्यंत त्यानें पहाटे कोणाची तरी जीप मिळवून वडिलांस इस्पितळांत आणलें होतें. ते वांचले. वांचले म्हणूनच हें आज लिहितां येतें.

तेव्हां खालची पायरी घेणारा साधा आणि वरची घेणारा दांभिक, असा जो सरळ निकाल आम्हीं प्रारंभीं मनांत धरिला होता, तो टिकला नाहीं. काटकसर हीहि आडोशाची जागा होऊं शकते. 'माझ्यांत सामर्थ्यच नाहीं' हें वाक्य विनयाचें आहे असें आपण समजतों. पुष्कळदां तें सुटकेचें असतें, आणि कांहीं लोक तें सामर्थ्य मुद्दामच विकत घेत नाहींत. हें आम्हीं स्नेह्यांस सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं त्या पुराच्या रात्रीविषयीं विचारलें: आपल्या वाडींतली माणसें कोणीं काढलीं? एका म्हाताऱ्याच्या ट्रॅक्टरनें, असें चिरंजीव म्हणाले. तो ट्रॅक्टर जुना, त्याचे दिवे लागत नव्हते. पुढें एक मुलगा विजेरी धरून बसला होता.

दिवाळीनंतर त्यांनीं मधल्या पायरीची गाडी घेतली. चार चाकांच्या जोराची, साध्या कापडी आसनांची. सडकेवरचीं रबरें लगेच बदलून चिखलाचीं घातलीं, त्याचा खर्च वडिलांनीं वहींत निराळा मांडला. चिरंजीवांनीं गाडीचा रंग मात्र स्वतःच्या पसंतीचा घेतला, आणि तो मिळावा म्हणून दीड महिना वाट पाहिली. त्याविषयीं घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं.

गाडी प्रथम वाडीस नेली तेव्हां आम्हीहि बरोबर होतों. बरेच लोक जमले. तो म्हातारा ट्रॅक्टरवालाहि आला. त्यानें दिवे पाहिले नाहींत, आंत डोकावलाहि नाहीं. गुडघ्यांवर हात टेकून तो खालीं वांकला, पुढचामागचा ओढण्याचा आंकडा कोठें आहे तें चांचपून पाहिलें, आणि उभा राहून चिरंजीवांस विचारलें, "दोर हाय का?"

दोर नव्हता. दुसऱ्या दिवशीं लातुराहून आणविला.